बाईंना विचारा : ‘येशू ऐकत नाही,’ म्हणतो माझा मुलगा

सलाम. या खेपेला पत्रं जास्त आणि पानं तेवढीच. त्यातलं खानापूरकडच्या एका आईचं पत्र वाचून मला दोन दिवस पेन उचलवलं नाही, म्हणून तिला जागा जास्त दिली आहे. बाकीच्यांनी रुसू नये. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : बाई, सलाम. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. यजमानांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. दीड वर्ष झालं, आठवड्यातून दोनदा पहाटेची बस धरून बेळगावला डायलिसिसला जावं लागतं. मी बरोबर जाते. मोठी मुलगी 13 वर्षांची आहे. ती शहाणी आहे, घरचं सगळं बघते, काही बोलत नाही. धाकटा 9 वर्षांचा. तो रोज रात्री गुडघे टेकून ‘पप्पाला बरं कर’ म्हणायचा. गेल्या महिन्यात शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या शास्त्रवर्गात) त्याला कोणीतरी सांगितलं, विश्वासानं मागितलं तर देव देतोच, आपलाच विश्वास कमी पडत असेल. त्या दिवसापासून तो प्रार्थनेला बसत नाही. ‘येशू ऐकत नाही’ म्हणतो. सासूबाई म्हणतात असं बोलणं पाप, त्याला दटाव. मला दटाववत नाही. संकटात विश्वासानं टिकून राहायला त्याला कसं शिकवू? मलाच धीर उरलेला नाही.

उत्तर : ताई, दटावलं नाहीत हे फार बरं केलंत. सासूबाईंची भीती मला कळते, त्यांना माझा सलाम सांगा. पण पोरानं काही वाकडं केलेलं नाही. देव ऐकेल असं ज्याला खरंच वाटत होतं, तोच असा रुसतो. ज्याला काही वाटतच नव्हतं त्याला रुसायचं कारण काय?

मी स्वतःचं सांगते. मी दहा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ विषमज्वरानं गेला. सहा वर्षांचा होता. आम्ही तेव्हा बेळगावात कॅम्पात राहायचो. मातीला चर्चच्या मंडळीतल्या एक बाई आल्या होत्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, ‘देवाच्या बागेत फूल कमी पडलं होतं गं, म्हणून त्यानं सगळ्यात चांगलं खुडून नेलं.’ मायेनंच म्हणाल्या. पण मी ते जसंच्या तसं घेतलं. चांगलं फूल खुडतो ना, मग आपण चांगलं व्हायचंच नाही. पुढच्या आठवड्यात मी वर्गातल्या एका मुलीची पेन्सिल चोरली, लाल-काळ्या पट्ट्यांची, मागं रबर असलेली. मग खडू चोरले. मग शब्बाथ शाळेच्या दानातलं पाच पैशाचं चौकोनी नाणं. एवढं झाल्यावर देव आता आपल्याला नेत नाही अशी माझी खात्री पटली आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. पेन्सिल उशीखाली असायची.

घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. मला त्यातून बाहेर काढलं आजीनं, आणि तेही तिच्या नकळत. ती परसात सुपात तांदूळ निवडत बसली होती, मी दाराआड. ती बडबडत होती. मला वाटलं, शेजारणीशी बोलते आहे. मग शब्द ऐकू आले. ‘काय रे प्रभू, एवढं मोठं बेळगाव, तुला आमचंच घर गावलं? मी म्हातारी हितं बसलोय, मला सोडून लेकराला नेलास? तुला काय म्हणू मी?’ खडा सापडला की तो सुपाबाहेर भिरकावायची आणि पुन्हा सुरू. बराच वेळ हे चाललं. शेवटी तिनं सूप आपटलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘बरं. मी आता चूल पेटवतो. तू बस हितंच.’ (आमच्याकडच्या जुन्या बायका ‘पेटवतो’च म्हणायच्या.)

मी दाराआड गार पडले. देवाला असं बोलता येतं? आणि एवढं बोलून घेतल्यावर तो तिथंच बसतो? दुसऱ्या दिवशी मी पेन्सिल परत केली. पाच पैसे खर्च झाले होते.

आजीला हे कुठून आलं असेल याचा मी पुढं विचार केला. शेजारी माळकरी कुटुंब होतं, पंढरीला जाणारं. जनाबाई विठोबाला कशी फैलावर घेते ते आजीनं लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकलेलं. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. आजीला टिळक ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण त्या पुलावरून तिची रोजची ये-जा होती.

तर ताई, माझं म्हणणं एवढंच आहे : मुलाला टिकायला शिकवायचं असेल तर आधी त्याला देवापाशी तक्रार करायला शिकवा. आपण उलटं करतो. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गेलेला बायबलमधला ईयोब दाखवून ‘ईयोबासारखा धीर धर’ म्हणतो आणि त्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय झाले की पुस्तक मिटतो. त्या पुस्तकात 42 अध्याय आहेत. तिसऱ्यात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि तिथून एकतिसाव्यापर्यंत त्याचं मित्रांशी आणि देवाशी भांडण चाललेलं आहे. मित्र बोलतात ते सगळं ऐकायला धार्मिक : तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. त्या मित्रांनी एकच काम चांगलं केलं होतं. आल्या आल्या सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढ्यावर उठून घरी गेले असते तर!

‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य मात्र पोराच्या मनातून उपटायलाच हवं. ज्यांनी ते म्हटलं त्यांच्यावर माझा राग नाही. शिकवता शिकवता असं तोंडातून जातं, माझ्याही गेलं असेल. पण नऊ वर्षांच्या मुलाला त्याचा एकच अर्थ लागतो, पप्पा माझ्यामुळे बरे होत नाहीत. त्याला विचारा, प्रेषित पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून प्रभूला 3 वेळा विनवलं आणि तो गेला नाही, मग पौलाचा विश्वास कमी होता का? खुद्द प्रभूनं क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, हा प्याला टळू दे, म्हणून मागितलं. टळला नाही. आणि जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी विचारलं होतं ना, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, ह्याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. योहानाचा 9 वा अध्याय. तेवढा त्याला वाचून दाखवा. समजावत बसू नका, नुसतं वाचा.

आता आजाराचं बोलू. डायलिसिस म्हणजे काय ते पोराला कुणी सांगितलंय का? तुमच्या पत्रात तसं दिसत नाही. माझ्या वर्गात अशाच घरातली एक मुलगी होती. तिला वाटायचं, मशीन म्हणजे टॉनिकच्या बाटलीसारखं काहीतरी. एक दिवस संपेल आणि बाबा घरी राहतील. दर खेपेला बाबा परत निघाले की ती देवावर चिडायची. तेव्हा सरळ सांगा. किडनी म्हणजे रक्ताची गाळणी. पप्पांची गाळणी बंद पडली आहे म्हणून मशीन रक्त गाळून देतं, त्याला चारेक तास लागतात, पुन्हा घाण साठते म्हणून पुन्हा जावं लागतं. मशीननं आजार जात नाही, पण पप्पा जगतात. हे त्यांनी स्वतः सांगितलं तर उत्तम. हातावरची सुईची जागा दाखवायला लाजू नये. मुलांना जखम बघितली की भीती कमी होते, झाकली की वाढते.

तुमच्या मुलानं मागितलं ‘बरं कर’, आणि ते रोज रात्री नापास होताना बघितलं. पण दीड वर्षात पप्पा दीडशेच्या वर वेळा बेळगावला गेले आणि तितक्या वेळा घरी आले, हे त्यानं मोजलेलं नाही. तुम्हीही त्याला मोजायला लावू नका, ‘बघ, देव किती चांगला’ म्हणून. ते त्याचं त्याला दिसू द्यावं, दहा वर्षांनी का असेना.

त्याला एक काम द्या. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असणार. बाटलीवर पट्टी चिकटवून खूण करा आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत भरून ठेवायचं काम त्याचं. नऊ वर्षांच्या हाताला झेपतं आणि खरोखरीचं उपयोगी आहे; मुलांना खोटं काम लगेच ओळखू येतं. फक्त त्याला बापाचा पोलीस करू नका. पप्पा एक घोट जास्त प्याले तर तो पप्पांचा आणि डॉक्टरांचा मामला.

प्रार्थनेला बसत नाही? नको बसू दे. तुम्ही बसा, मोठ्यानं म्हणा, आणि त्याला सांगा, ‘तुझ्या वाटणीचंही आज मीच म्हणते.’ तो बाजूला गोट्या खेळत असला तरी कान इकडेच असतात. पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून बाजेसकट खाली सोडलं, ती गोष्ट मार्काच्या दुसऱ्या अध्यायात आहे. येशूनं विश्वास पाहिला तो ‘त्यांचा’. काही दिवस माणसाला बाजेवरूनच जावं लागतं, आणि उचलणारे चौघं असले की भागतं.

आणि एक वही द्या. स्तोत्र 13 उघडा, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर’ हा प्रश्न 4 वेळा येतो. पानावर वर ‘कोठवर’ लिहून द्या, खाली त्याला हवं ते लिहू दे. शुद्धलेखन तपासायचं नाही. आमच्या शब्बाथ शाळेत एका पोरानं लिहिलं होतं, ‘कोठवर बाबा पिऊन येणार. कोठवर मामाकडे राहायचं. कोठवर भेंडी.’ तिसऱ्या ओळीला मला हसू फुटलं. मग कळलं, मामाकडे परसात भेंडीच तेवढी होती, आणि मामीची त्या पाच तोंडांपुढे ओढाताण चालली होती. ते स्तोत्र शेवटी गाण्यावर येऊन थांबतं, पण पोराला त्या शेवटाकडे ओढत नेऊ नका. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

तुमच्याकडे भातशेती असेलच. लावणी झाली की रोप आठ-दहा दिवस कसं पिवळं पडतं, मान टाकतं, हे मी तुम्हाला काय सांगणार. जीव धरला का बघायला कुणी ते उपटत नाही. याकोबानं आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धीराचा दाखला दिलाय तो शेतकऱ्याचाच, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणाऱ्या. पुढच्या लावणीला पोराला बांधावर न्या आणि गप्प उभ्या राहा. ‘पिवळं का पडलंय?’ हे तो विचारेल.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही जेमतेम एक ओळ लिहिलीत ती. मला तुमच्या मुलाची काळजी कमी आहे, तो बोलतो तरी. 13 वर्षांची पोर घरचं सगळं बघते, शहाणी आहे, काही बोलत नाही, हे वाचलं आणि मी चष्मा काढून ठेवला. ‘शहाणी’ हा शब्द आपण मुलींना मजुरीसारखा देतो. तुम्ही दोघं बेळगावला जाता त्या दिवशी तिची शाळा बुडते का, ते आधी बघा. बुडत असेल तर त्या दिवसाचा भात सासूबाईंनी टाकावा, नाहीतर शेजारणीला सांगावं. आठवड्यातली एक दुपार तिला मोकळी द्या, काही न करायला. तिला वही देऊ नका. त्या वयात वही कुणी वाचेल याचीच धास्ती असते. तिच्याबरोबर भांडी घासायला बसा. हात राखेत असले की तोंड उघडतं. उघडलं की ‘असं म्हणू नये’ एवढं फक्त म्हणू नका.

मुलांसमोर रडलं तर चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात दोन ठिकाणी शाई पसरली आहे. चालेल. लाजराच्या कबरीशी येशू रडला, आणि घटकाभरात लाजराला उठवणार हे माहीत असून रडला. रडून झालं की उठून चहा टाका, म्हणजे रडण्याच्या पलीकडे काय असतं तेही मुलांना दिसेल.

तुमच्या स्वतःच्या धीराचं म्हणाल तर एलीया संदेष्टा आठवा. झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं, कारण वाट लांबची होती. तुमच्या मंडळीतले लोक घरी प्रार्थनेला येत असतील. त्यांना सांगा, येताना चार भाकरी आणा. लाजू नका. बाईंनी सांगितलंय म्हणून सांगा.

प्रश्न : नातू मराठी माध्यमात शिकला. एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीला) गणित आणि कन्नड दोन्ही गेले. सूनबाई म्हणतात, देवाची इच्छा, देव परीक्षा बघतो आहे. नातू म्हणतो, देवाचीच इच्छा असेल तर मी अभ्यास कशाला करू? मला उत्तर सुचलं नाही. – एक आजोबा, निपाणी

उत्तर : आजोबा, नातवाचा मुद्दा बिनतोड आहे. मराठीत दोन्हीला परीक्षाच म्हणतात, घोटाळा तिथं होतो. एक परीक्षा पाठ्यपुस्तकातून येते, तिची उत्तरं मागच्या पानावर असतात आणि ती पुन्हा देता येते. कर्नाटकात 2024 पासून एसएसएलसीला एका वर्षात एकाहून जास्त संधी आहेत. पुढच्या संधीचा फॉर्म भरला का ते शाळेत जाऊन बघा, देवाच्या इच्छेचं संध्याकाळी बोलू.

कन्नडचं जरा स्पष्ट लिहिते. सीमेचा वाद आपण पाळण्यात असल्यापासून चाललाय, त्यात मी इथं पडत नाही. पण घरात ‘आपल्याला काय करायचंय कन्नड’ असं दहा वर्षं बोललं गेलं असेल तर पोरगा त्या पेपरात एकटा नापास झालेला नाही. आपल्या सीमाभागात एकाच देवळात (चर्चमध्ये) सकाळी कन्नड उपासना आणि मग मराठी उपासना होते, असं कितीतरी ठिकाणी आहे. कन्नड मंडळीतला एखादा कॉलेजचा मुलगा गाठा. आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवेल आणि वर जेवून जाईल.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलानं क्रम लावलाय : संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. आपण निकालाच्या दुसऱ्या दिवशी पोराला थेट आशेवर उभं करायला बघतो. मधल्या पायऱ्यांना वेळ लागतो. तुमच्या घरी ती मधली पायरी म्हणजे रोज 40 मिनिटं गणित, शेजारी तुम्ही पेपर वाचत बसलेले. समजावून सांगता आलं नाही तरी चालेल. उठून मात्र जायचं नाही.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ‘जगून काय उपयोग’ असं तो एकदा जरी म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, वचनं ऐकवत बसू नका, डॉक्टरकडे न्या. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी बेळगावात शब्बाथ शाळेत नवीनच शिकवते आहे. भावांनी विकलेला योसेफ पुढं मिसरचा प्रधान होतो, ती गोष्ट सांगितली की मुलं विचारतात, ‘टीचर, मग शेवटी सगळेच प्रधान होतात का?’ काय सांगू?

उत्तर : नाही, असं सांग. हुशार आहेत गं तुझी मुलं.

आपली चूक अशी होते की खड्ड्यातून राजवाड्यापर्यंत आपण 20 मिनिटांत पोचतो, कारण पुढं चित्र रंगवायचं असतं. योसेफाला विकला तेव्हा तो 17 वर्षांचा, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 चा. मधे 13 वर्षं. मी काय करते, सुतळीला 13 गाठी मारून ती मुलांच्या हातातून फिरवते. प्रत्येक गाठीला थांबायचं. ‘या वर्षी काय झालं, टीचर?’ काही नाही झालं. ‘आणि या?’ प्यालेबरदार सुटला आणि त्याला विसरला. सातव्या-आठव्या गाठीला मुलं कंटाळतात, चुळबुळ करतात. करू दे. तोच तर धडा. इब्री लोकांस पत्राचा 11 वा अध्यायही पुरता वाच. तलवारीच्या धारेपासून वाचलेले आणि तलवारीनं मेलेले, दोघंही त्याच अध्यायात आहेत.

आणि आपल्या मातीतली माणसं सांग. बाबा पदमनजी 1831 साली बेळगावातच जन्मले, 1854 साली बाप्तिस्माही इथंच घेतला, आणि 3 वर्षांनी विधवांच्या हालांवर ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. मुलांना आपल्या गावचा माणूस म्हटलं की कान उभे राहतात. पंडिता रमाबाई सांग. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, मग नवरा. तेविसाव्या वर्षी पदरात एक लेक. ती मनोरमाही 1921 साली त्यांच्या आधी गेली, आणि रमाबाई 1922 साली. या सगळ्यात केडगावला शेकडो बायापोरींना घर दिलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत आणलं. त्या प्रधान झाल्या का, असं मुलांनी विचारलं तर उत्तर देऊ नकोस, त्यांनाच वाद घालू दे. वाद जोरात झाला तर मला कळव.

चित्र रंगवायचंच असेल तर त्या सुतळीचं काढायला सांग.

प्रश्न : मी 11 वर्षांचा आहे. आमचं कुत्रं ट्रॅक्टरखाली गेलं. मी देवाला खूप रागानं बोललो, एक शिवी पण दिली. आता मला रात्री भीती वाटते. देव माझ्यावर रागावला असेल का? – चिकोडी

उत्तर : बाळा, योना नावाचा माणूस तुला ठाऊक आहे ना, माशाच्या पोटातला? त्याची चौथ्या अध्यायातली गोष्ट कुणी सांगत नाही. एक झाड वाळलं म्हणून तो देवावर इतका चिडला की मरून जावंसं वाटतं म्हणाला. देवानं त्याला हाकललं नाही. त्याच्याशी बोलत बसला, प्रश्न विचारत. एका झाडासाठी एवढा राग चालला, तुझं तर कुत्रं होतं.

शिवीबद्दल ‘चुकलं’ म्हणून टाक, एकदाच, आणि झोप. रोज रोज म्हणायचं नाही. रागाबद्दल माफी मागायची गरज नाही. माझी आजी देवाला काय म्हणाली ते वर पहिल्या उत्तरात छापलंय, आईला वाचून दाखवायला सांग.

कुत्र्याचं नाव लिहायला विसरलास. पुढच्या पत्रात लिही, आणि ते काय काय खायचं तेही.